दार उघडलं, जिन्याचं काय?

मैत्रिणींनो, आज एक कबुली देऊन सुरुवात करते.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. रात्री-अपरात्री कळ यायची, अन्न जाईना. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, ‘‘ऑपरेशन करून टाका. दुर्बिणीतून होतं, दोन-तीन दिवसांत घरी.’’ आणि जिल्ह्याच्या गावातल्या एका सर्जनबाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. संध्याकाळी घरात सगळे जमले. जाऊबाईंनी चिठ्ठी हातात घेतली, आडनावावर त्यांची नजर अडली. म्हणाल्या, ‘‘अगं, ही कोट्यातली असणार. आईंच्या पोटावर सुरी चालवायचीय. उगीच धोका कशाला? दुसरीकडे दाखवू.’’

कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. या पानावरून तुम्हाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी मी, खाली मान घालून मेथी निवडत राहिले. दुसऱ्या डॉक्टरांकडे ऑपरेशन झालं, चांगलं झालं, सासूबाई आज ठणठणीत आहेत. पण ते गप्प बसणं मात्र मनात काट्यासारखं राहिलं.

तो काटा पुन्हा टोचला तो लेकीमुळे. सुट्टीत घरी आली होती, म्हणाली, ‘‘आई, एक इंग्रजी सिनेमा बघ, तुला आवडेल.’’ ‘समथिंग द लॉर्ड मेड’ नावाचा २००४ सालचा सिनेमा. खऱ्या माणसाची गोष्ट. त्या माणसाचं नाव व्हिव्हियन थॉमस.

थॉमस अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या एका कृष्णवर्णीय सुताराचा मुलगा. स्वतःही सुतारकाम शिकलेला. डॉक्टर व्हायचं म्हणून पै-पै साठवत होता. १९३० मध्ये मंदीच्या लाटेत बँक बुडाली आणि त्याबरोबर कॉलेजचे पैसेही. त्याच वर्षी व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत त्यानं मदतनिसाची नोकरी धरली होती. काम संशोधनाचं, पण कागदावर हुद्दा सफाई कामगाराचा आणि पगारही तसाच.

हात मात्र विलक्षण. १९४१ मध्ये ब्लॅलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स या नामवंत हॉस्पिटलात सर्जरीचे प्रमुख म्हणून गेले, ते थॉमसना बरोबर घेऊनच. तिथे डॉ. हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ होत्या. त्यांच्याकडे ‘निळी बाळं’ यायची. जन्मतःच हृदयात दोष, फुप्फुसाकडे पुरेसं रक्त जात नाही, म्हणून ओठ आणि नखं निळी पडलेली. पाण्याचा नळ जसा दुसरीकडून जोडून घेतात, तसं रक्त वळवता येईल का, असा टॉसिगबाईंचा प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधण्यासाठी थॉमस यांनी जवळजवळ दोन वर्षं सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग केले. रक्तवाहिनी कशी जोडायची, टाके कसे घालायचे, त्यासाठी अवजार कसलं लागेल, सगळं त्यांनी बसवलं.

२९ नोव्हेंबर १९४४ ला पहिल्या बाळावर ऑपरेशन झालं. पंधरा महिन्यांची मुलगी, वजन जेमतेम चार किलो. सुरी ब्लॅलॉक यांच्या हातात होती. आणि त्यांच्या खांद्यामागे, एका छोट्या स्टूलवर थॉमस उभे होते. टाका कुठे, सुई कशी वळवायची, हे ते मागून सांगत होते. कारण हे ऑपरेशन सगळ्यांत जास्त वेळा केलं होतं ते त्यांनीच.

ते बाळ पुढे काही महिन्यांनी दगावलं, पण वाट सापडली होती. देशोदेशींहून निळी बाळं हॉपकिन्सला येऊ लागली. ऑपरेशनला नाव पडलं ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचं. १९४५ मध्ये त्यावर जो लेख छापून आला, त्यात थॉमस यांचा उल्लेखही नव्हता. पुढे नामवंत झालेले कितीतरी सर्जन त्यांच्या हाताखाली हे तंत्र शिकले. आणि हाच माणूस चार पैसे जास्त मिळावेत म्हणून ब्लॅलॉक यांच्या पार्टीत पाहुण्यांना पेयं वाटायचा. ज्यांना सकाळी ऑपरेशन शिकवलं, त्यांनाच संध्याकाळी ग्लास भरून द्यायचा!

हॉपकिन्सनं त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. तिथे पाऊल ठेवल्याला पस्तीस वर्षं झाल्यावर. त्याच सुमारास शिक्षकांच्या यादीतही त्यांचं नाव आलं. आता त्या ऑपरेशनला ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग असं तिघांच्या नावानं ओळखू लागले आहेत. टॉसिगबाईंचंही तसंच. जगभर नाव झालं, पण पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९५९ साल उजाडलं.

सिनेमा संपल्यावर मी बराच वेळ त्या स्टूलाचाच विचार करत होते. मग या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. वाटलं, थॉमसना निदान पदवी नव्हती. ज्यांच्याकडे पदवी होती, त्यांचं तरी काय झालं?

तर मुळात पदवी मिळणंच अवघड करून ठेवलं होतं. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञानं अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची पाहणी करून अहवाल दिला. शिक्षणाचा दर्जा वाढावा हा हेतू. पण त्यानंतर काही वर्षांत कृष्णवर्णीयांच्या सात कॉलेजांपैकी पाच बंद पडली. उरली दोनच, वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी. बाकीच्या कॉलेजांची दारं बहुतेक बंद. म्हणजे पुढची कितीतरी वर्षं एका अख्ख्या समाजाचे डॉक्टर मुख्यतः या दोन कॉलेजांतून यायचे.

त्यातल्या मेहॅरीमधून बाहेर पडल्या डॉ. डोरोथी ब्राऊन. मला त्यांची गोष्ट फार भावली. पाच महिन्यांच्या असताना आईनं त्यांना न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या अनाथाश्रमात ठेवलं. तिथे असताना टॉन्सिलचं ऑपरेशन झालं आणि त्या लहानग्या जिवाला हॉस्पिटलचीच ओढ लागली. मोठं झाल्यावर लोकांच्या घरी कामं केली, कपडे धुतले, चर्चच्या बायकांनी शिष्यवृत्ती मिळवून दिली, तिच्यावर कॉलेज केलं. १९४८ मध्ये डॉक्टर झाल्या. आता सर्जन व्हायचं होतं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या हॉस्पिटलात त्यांनी उमेदवारी केली होती, पण सर्जरीच्या पुढच्या प्रशिक्षणाला तिथे नकार मिळाला. कारण? बाई! रंगाची भिंत ओलांडली, तर पुढे बाईपणाची भिंत उभी.

त्या परत मेहॅरीला गेल्या आणि तिथले सर्जरीचे प्रमुख डॉ. मॅथ्यू वॉकर यांच्याकडे जागा मागितली. वॉकर यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, हे बाईमाणसाला झेपणारं नाही. वॉकर यांनी ऐकलं नाही, त्यांना घेतलं. १९५४ मध्ये त्या शिकून बाहेर पडल्या. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सर्जन. पुढे नॅशव्हिलच्या रिव्हरसाइड हॉस्पिटलात पंचवीस वर्षांहून अधिक काळ सर्जरी विभागाच्या प्रमुख, मेहॅरीत प्राध्यापक, १९६६ मध्ये राज्याच्या विधिमंडळातही निवडून गेल्या. लग्न केलं नाही, पण १९५६ मध्ये एका मुलीला दत्तक घेतलं. एकट्या बाईनं मूल दत्तक घेणं त्या राज्यात तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

मैत्रिणींनो, यातलं वॉकर यांचं काम छोटं दिसतं, पण तेच महत्त्वाचं आहे. सर्जरी पुस्तकातून येत नाही. ती हाताखाली शिकावी लागते. वरिष्ठ म्हणतो, ‘आज तू कर, मी बाजूला उभा आहे’, तेव्हा हात तयार होतो. जो हे कुणाला म्हणायचं ते ठरवतो, तोच सर्जन कोण होणार ते ठरवतो. आपल्याकडे स्वयंपाकघरात नाही का, सासू पुरणाला हात लावू देईल तेव्हाच सून पुरणपोळीत तरबेज होणार!

मग काळ बदलला. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा आला, मोठ्या कॉलेजांची दारं उघडली. पण दार उघडलं म्हणजे जिना चढता येतो असं नाही. डॉ. अलेक्सा कॅनडी यांचं उदाहरण घ्या. १९७५ मध्ये त्या येल विद्यापीठाच्या हॉस्पिटलात सर्जरीच्या उमेदवारीला गेल्या. पहिलाच दिवस, रुग्णाला तपासत होत्या. तेवढ्यात तिथला एक अधिकारी जाता जाता म्हणाला, अच्छा, म्हणजे ‘समान संधी’तून आलेली आमची नवी भरती ती तूच वाटतं!

हे वाचलं आणि जाऊबाईंच्या हातातली ती चिठ्ठी डोळ्यांसमोर आली. शब्द वेगळे, देश वेगळा, टोमणा तोच. तिनं अजून एक टाकाही घातला नव्हता, आणि तिची लायकी ठरूनही गेली होती.

कॅनडी पुढे १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यूरोसर्जन झाल्या. डेट्रॉइटच्या मुलांच्या हॉस्पिटलात १९८७ पासून २००१ पर्यंत मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुख होत्या. सुरुवातीला त्यांना भीती वाटायची, आपल्याकडे पेशंट येतील का? पण स्वतःच्या लेकराचा मेंदू ज्या आईबापांनी त्यांच्या हातात दिला, त्यांनी रंग पाहिला नाही, हात पाहिला.

डॉ. पॅट्रिशिया बाथ या नेत्रसर्जन. १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या नामांकित विद्यापीठात शिक्षक म्हणून रुजू झाल्या, तर बसायला खोली दिली तळघरात, प्रयोगाच्या प्राण्यांशेजारी! त्यांनी आरडाओरडा केला नाही, ही जागा योग्य नाही एवढं सांगितलं आणि नीट जागा मिळवली. मोतीबिंदू काढण्यासाठी लेझरचं उपकरण त्यांनी शोधलं. त्याचं संशोधन करायला मात्र त्यांना युरोपात जावं लागलं. १९८८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. ज्या देशात जन्मल्या, शिकल्या, तिथे वर चढायला जागा अपुरी पडली.

तुम्ही म्हणाल, या सगळ्या जुन्या गोष्टी. आता तर तिथे कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षही होऊन गेला. खरं आहे. पण आकडे बघा. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण तेरा टक्के, मेडिकल कॉलेजांच्या शिक्षकांत मात्र चार टक्क्यांच्या आसपास. २०१७ मधली मोजणी सांगते की सर्जरी शिकवणारे पंधरा हजारांहून जास्त शिक्षक होते, त्यात कृष्णवर्णीय स्त्रिया सव्वाशेच्या आसपास. शंभरात एकसुद्धा नाही! आणि कायमची नेमणूक मिळालेल्या तर हातापायाच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

असं का होतं? कुणी उघड शिवी देतं असं नाही. कॉलेजात बढती मिळते ती संशोधनावर, छापलेल्या लेखांवर, सरकारी अनुदानावर आणि वरिष्ठांच्या शिफारसपत्रांवर. मोठा सर्जन ज्याच्यात स्वतःचं तरुणपण बघतो, त्याला हाताशी धरतो. तसं दिसणारं वर कुणी नसेल तर हात कोण देणार? शिवाय कॉलेजातल्या एकुलत्या एक कृष्णवर्णीय बाईला प्रत्येक समितीवर बसवायचं, फोटोत पुढे उभं करायचं, कृष्णवर्णीय मुलांची सगळी अडचण तिनंच ऐकायची. या कामाचे बढतीत गुण शून्य. तिथले लोक याला गमतीनं ‘कर’ म्हणतात, अल्पसंख्य असल्याचा कर. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नकोच. दिवसभर राबून ‘तू घरी काय करतेस?’ हे ऐकणाऱ्या बाईला न मोजलेलं काम म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं.

यात नुकसान फक्त त्या डॉक्टरांचं नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरात एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय पुरुषांना कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाला, तर ते मधुमेह-कोलेस्टेरॉलच्या तपासण्या करून घ्यायला जास्त संख्येनं तयार झाले. यात नवल काय? आपल्याही गावात कितीतरी बायका अंगावरचं दुखणं ‘लेडी डॉक्टर’ येईपर्यंत अंगावरच काढतात ना?

चांगलंही घडतं आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेनं २००८ मध्ये जुन्या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. २०२२ मध्ये सर्जनांच्या राष्ट्रीय संस्थेच्या कार्यकारी प्रमुखपदी डॉ. पॅट्रिशिया टर्नर ही कृष्णवर्णीय महिला आली. त्याच वर्षी हॉवर्डच्या सर्जरी विभागाची सूत्रं पहिल्यांदा एका स्त्रीकडे गेली, डॉ. अँड्रिया हेज यांच्याकडे. आणि ज्या हॉपकिन्समध्ये थॉमस स्टूलवर उभे राहिले, तिथेच डॉ. लेव्ही वॉटकिन्स या कृष्णवर्णीय सर्जननं १९८० मध्ये हृदयाचे ठोके आपोआप ताळ्यावर आणणारं यंत्र पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवलं. पुढे ते तिथेच प्राध्यापक झाले, आणि गावोगावची कृष्णवर्णीय मुलं कॉलेजात यावीत म्हणून आयुष्यभर खटपट करत राहिले. जिना चढलेला माणूस खाली हात देतो तो असा.

पण जिना मागेही सरकतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशाच्या वेळी वंशाचा विचार करायला मनाई केली. पुढच्याच वर्षी मेडिकल कॉलेजांत नव्यानं दाखल होणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांची संख्या दहा टक्क्यांहून जास्त घटली. आजची ही मुलं म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनंतरचे प्राध्यापक. आज एक पायरी काढली, तर वरची खुर्ची तेव्हा रिकामी राहणार.

अमेरिकेतला रंग आणि आपली जात एकच आहेत, असं मी म्हणत नाही. दोन्हींचा इतिहास वेगळा. पण महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक कुणाला अर्पण केलं होतं, माहीत आहे ना? गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना! दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्यांना जे नातं दिसलं, ते मला समोर चिठ्ठी असूनही दिसलं नाही.

कोट्यावरून तावातावानं बोलणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं. आरक्षण असतं ते दारापाशी, प्रवेशाला. पास व्हायची परीक्षा सगळ्यांना एकच असते. पोट उघडल्यावर पित्ताशय आडनाव विचारत नाही. आणि लाखो रुपये भरून ज्यांनी सीट मिळवली, त्यांच्या पाटीकडे बघून आपण कधी म्हणतो का, ‘हा पैशाच्या कोट्यातला, आईंना इथे नको’? आम्ही सासूबाईंना ज्यांच्याकडे नेलं, त्यांना प्रवेश कसा मिळाला हे आम्ही विचारलंच नव्हतं. आडनाव ओळखीचं होतं, तेवढं आम्हाला पुरलं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलीचं अपेंडिक्स अचानक वाढलं. तिची आई घाबरून माझ्याकडे आली, ‘‘ताई, कुणाकडे नेऊ?’’ मी त्याच सर्जनबाईंचं नाव सांगितलं आणि बरोबर गेले. बाहेर बाकावर गर्दी, बहुतेक खेड्यांतल्या बायका. बाईंनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं, रात्रीच ऑपरेशन केलं, चौथ्या दिवशी मुलगी घरी. मला त्यांना सांगायचं होतं, ‘डॉक्टर, एकदा आम्ही तुमच्या दारावरून परत गेलो होतो.’ धीर झाला नाही. म्हणून आज इथे लिहिते आहे.

त्या रात्री घरी येऊन जाऊबाईंना फोन केला, सगळं सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘नंबर पाठव गं त्यांचा. माझ्या भावजयीला हर्नियाचं दाखवायचंय.’’

मैत्रिणींनो, कायदे, समित्या, आकडे मोठ्या लोकांच्या हातात असतात. पण डॉक्टर निवडताना घरात जी बैठक बसते ना, ती आपल्या हातात असते. तिथे कुणी आडनावावर बोट ठेवलं, तर मेथी बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा, ‘‘त्यांचा हात कसा आहे, ते सांगा.’’